हेल्मेट चांगलं झालं आणि माना मोडू लागल्या

हेल्मेट चांगलं असेल तर इजा कमी होईल, असं तुम्हालाही वाटेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये उलटं घडलं. डोकं सुरक्षित वाटू लागल्यावर खेळाडू माथा पुढे करूनच धडका देऊ लागले. मान थोडी खाली झुकली की तिची नैसर्गिक कमान सरळ होते. मग धडकेचा सगळा जोर मणक्यांवर येतो आणि ते चिरडतात.

डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ मध्ये देशभरातल्या अशा इजांची नोंद ठेवायला सुरुवात केली. एकट्या रुग्णाकडे पाहून हे कारण लक्षात आलं नसतं. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत माथ्याने धडक देण्यावर बंदी आली. त्या हंगामात ३४ खेळाडूंचे हातपाय कायमचे लुळे पडले होते (बहुतेक कोवळी पोरं!), १९८४ च्या हंगामात पाच. मुलांना आता डोकं वर ठेवून खांद्याने अडवायला शिकवतात.