खुर्ची मिळाली, दुरुस्तीचं काय?

कृत्रिम अवयव बनवणारी सरकारी कंपनी कानपूरला १९७२ मध्ये स्थापन झाली. १९८१ मध्ये केंद्राची योजना आली, गरजूंना व्हीलचेअर मिळू लागल्या. १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी साधनं पुरवणं सरकारवर सोपवलं. पण हा सगळा इतिहास वाटपाचा आहे. योजनेत तेच साधन पुन्हा मिळायला मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. मधेच चाक निखळलं, तर माणूस घरातच अडकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२२ मध्ये कायदा करून मोटरच्या व्हीलचेअरचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मालकाला, बाहेरच्या मेकॅनिकलाही देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आपल्या गावात भरतं. तिथे आपण एवढंच मागू: दुरुस्तीची मुदत कायद्यात लिहा. ज्याला आपण वस्तू म्हणतो, ते कुणाचे तरी पाय आहेत.