मॅट्रिकपलीकडची वाट

१८९१ हे साल माळव्याच्या शैक्षणिक इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १० जून रोजी महाराज शिवाजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत इंदूरला होळकर महाविद्यालय स्थापन झाले. आणि त्याच्या अवघे आठ आठवडे आधी, १४ एप्रिलला, इंदूरपासून सुमारे सात कोसांवरील महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी चौदावे अपत्य जन्मास आले. राजपुत्रांसाठी इंदुरात डेली कॉलेज तत्पूर्वीच निघालेले होते. छावणीतल्या या मुलाला त्या दोन्ही संस्थांची पायरी चढण्याचा योग आला नाही. वडील लष्करातून निवृत्त झाले, कुटुंब प्रथम दापोलीस, मग साताऱ्यास व शेवटी मुंबईस गेले. परंतु शाळा संपवून महाविद्यालयाच्या दारात उभा राहिलेला निर्धन विद्यार्थी आत कसा जातो, या प्रश्नाचे उत्तर भीमराव आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत जितके स्पष्ट सापडते तितके अन्यत्र क्वचितच सापडेल.

पहिला आधार घरचाच होता. मुंबई इलाख्याच्या फौजेत त्या काळी शिपायांच्या मुलांनाच नव्हे तर मुलींनाही शिक्षण सक्तीचे असे, आणि रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. साताऱ्याच्या शाळेत मुलाला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे. पाणी कोणी वरून ओतले तर प्यावयाचे. मुंबईस परळच्या चाळीतील एकच खोली घराला होती. तीत अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता उठवीत. पुस्तकांना पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत व तो गहाण टाकीत. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा या मुलाला नाकारली गेली आणि त्याला पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. गुण मिळाले ७५० पैकी २८२. गुणांच्या यादीवरूनच माणसाची पारख करणाऱ्या एखाद्या समितीने हा अर्ज बाजूला ठेवला असता, असे मानण्यास जागा आहे.

महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या काळात वडिलांनी कसेबसे निभावले. पुढे मात्र त्यांची शक्ती संपली. याच ठिकाणी बहुतेक गरीब विद्यार्थ्यांची वाट खुंटत असे. आणि याच ठिकाणी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव येते. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते, ग्रंथकार होते. चर्नीरोडच्या बागेत ते सायंकाळी जात, तेथे एक मुलगा रोज एकटा वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्रही भेट दिले. पैशाची अडचण उभी राहिली तेव्हा ते या विद्यार्थ्याला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके व कपडे दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये, दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदे शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले.

या पंचवीस रुपयांचे मोल केवळ रकमेत नव्हते. ते दरमहा मिळत. खानावळीचे बिल, फी आणि दिव्याचे तेल ही दरमहाची देणी असतात, आणि वर्षाअखेर एकदम हाती पडलेली मोठी रक्कम त्यांच्या कामी येत नाही. हा साधा हिशेब पुढच्या काळातील पुष्कळ योजनाकारांना सुचला नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही मदत मिळण्यासाठी मधे एक माणूस उभा राहावा लागला. दाता बडोद्यास होता, गरजू परळच्या चाळीत होता. केळुसकर त्या बागेत गेले नसते तर दोघांची गाठ पडली असती असे म्हणवत नाही.

असाच प्रकार याआधी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या बाबतीत घडला होता. जमखंडीहून पुण्यास आलेल्या या विद्यार्थ्याला वकील गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचा आधार मिळाला आणि पुढे त्यालाही सयाजीरावांचीच शिष्यवृत्ती लाभली. १८९८ साली शिंदे पदवीधर झाले, ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून आले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईस डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. स्वतः ज्या आधाराने ते शिकले, तोच इतरांना मिळावा म्हणून त्यांनी झोळी घेतली. ती झोळी इंदूरला रिकामी राहिली नाही. महाराज तुकोजीराव होळकर यांनी मिशनच्या पुण्यातील इमारतीसाठी २०,००० रुपये दिले आणि नाना पेठेतील त्या वास्तूला ‘अहल्याश्रम’ हे नाव मिळाले. महूच्या मुलाला होळकरांच्या राजधानीत जे लाभले नाही, त्यातले थोडे या दानाने पुण्याच्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना लाभले.

इमारत म्हणजे येथे मुख्यतः राहण्याची सोय. शहरात खोली कोणी देत नाही, खानावळीत कोणी वाढत नाही, अशा विद्यार्थ्याला प्रवेशपत्राचा उपयोग तो काय? कोल्हापूरचे शाहू महाराज हे फार लवकर ओळखून होते. १९०१ पासून त्यांनी जातवार वसतिगृहांना चालना दिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मधले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली आणि एकाच पंक्तीला बसविले, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत नेला. ज्या साताऱ्यात तरटावर बसावे लागे, त्याच साताऱ्यात हे घडले.

तथापि संस्थानिकांचे औदार्य आणि एखाद्या शिक्षकाची दृष्टी यांवर किती काळ विसंबावे? हा प्रश्न ज्याला पडला तो स्वतः त्या औदार्याचा लाभ घेतलेला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर डॉ. आंबेडकरांनी सरकारपुढे दलितांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले आणि त्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी खजिन्यातून पैसा मागितला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. पूर्वी जे महाराजांच्या मर्जीने मिळे, ते आता अर्ज करून मागता येऊ लागले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तेथे सकाळी वर्ग भरत, म्हणजे कचेरीत चाकरी करणाऱ्या तरुणांना आधी शिकता येई व मग कामावर जाता येई.

इंदूरला स्वतःचे विद्यापीठ १९६४ साली मिळाले. त्यापूर्वी होळकर महाविद्यालयाचे विद्यार्थी दीर्घकाळ आग्रा विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. १९८८ पासून इंदूरच्या विद्यापीठास देवी अहल्येचे नाव आहे. महूचे अधिकृत नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले, आणि तेथे आता सामाजिक शास्त्रांचे विद्यापीठ आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज आजही माळव्यातील महाविद्यालयांत दर साली भरले जातात. आणि पैसा सत्र सुरू होताना येतो की सत्र संपल्यावर, याची चौकशी अर्ज भरणारे विद्यार्थी अजूनही खिडकीपाशी करीत असतात.