अस्सल, नक्कल आणि खैबरची रायफल

जुन्या लष्करी रायफलीचे मोल ठरवणारा संग्राहक आणि हस्तलिखिताचा पाठ निश्चित करणारा संशोधक यांच्यात आम्हाला एक नाते जाणवत आले आहे. दोघांपुढचा प्रश्न एकच: हाती आहे त्यातले मूळचे किती आणि मागाहून शिरलेले किती?

ब्रिटिश 'शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड' घ्या. दस्त्याला लागून, उजव्या अंगाच्या धातूवर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि रायफलीचा प्रकार कोरलेला असतो. अनुक्रमांक मुख्य सांगाड्यावर, नळीवर, बोल्टवर असतो. हे क्रमांक जुळले की किंमत चढते. बोल्ट परका निघाला की उतरते. साहजिकच जुना आकडा घासून नवा ठोकणारेही निपजतात. जाणकार मग आकड्यांचे वळण आणि ठशांची खोली पाहतो. कडा बोथट, अक्षरे पुसट आणि मुलामा मात्र झळझळीत, असे दिसले की तो सावध होतो.

परंतु प्रत्येक बदल म्हणजे लबाडी नव्हे. सैन्याच्या कारखान्यांत रायफली दुरुस्त होत, नळ्या बदलत, क्रमांक नव्याने पडत. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ग्रेनेड फेकण्याच्या रायफलींच्या पुढच्या लाकडाला तारेचे वेढे दिले, ते मजबुतीसाठी. हे वेढे काढून रायफल 'मूळ रूपात' आणणारा हौशी माणूस तिचे चरित्रच पुसून टाकतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ते शोधन आता ग्रंथाच्या इतिहासाचाच भाग आहे. तसेच हे.

आणि उघड नक्कल? पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यान वसलेल्या दर्रा आदमखेल येथील कारागीर ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब प्रती हाताने घडवत आले. इंग्रजी लिपी न जाणणाऱ्या हातांनी अक्षरे चित्रांसारखी उतरवली. त्यामुळे कुठे 'एन' उलटा पडतो, तर कुठे 'एन्फिल्ड'चे वर्णलेखन चुकते. व्हिक्टोरिया राणी 1901 च्या जानेवारीत वारली. तरीही पुढच्या सालाखाली तिची 'व्ही. आर.' ही आद्याक्षरे आढळतात. हा तर लेखनिकाचा प्रमादच! 2001 नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा कित्येक बंदुका अस्सल समजून विकत घेतल्या.

ब्रिटिश रायफल म्हणून तिची किंमत थोडी आहे, आणि पोलादाचा भरवसा नसल्याने ती झाडणेही धोक्याचे. मात्र साम्राज्याचे शस्त्र त्याच साम्राज्याच्या सीमेवर, साध्या हत्यारांनी पुन्हा घडवणाऱ्या लोहारांचा तोच दस्तऐवज आहे. त्यांची नावे कोणत्याही कारखान्याच्या वहीत नाहीत; उलटा 'एन' ही त्यांची एकमेव सही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की नकलेला नक्कल म्हणून विकावे, पण चुकलेली अक्षरे घासून तिला 'सुधारू' नये. तेवढी पुसली, तर त्या माणसांचे आपल्यापाशी काहीच उरणार नाही.