पर्ल वेब-प्रणाली : दोषशोधन व गतिवर्धन

पर्ल या संगणकभाषेत लिहिलेली आणि वेबसर्व्हरवर चालणारी प्रणाली बंद पडली, अडखळू लागली किंवा मंदावली, तर तिचे कारण शोधणे म्हणजे दोषशोधन. हाताशी असलेल्या यंत्रावरच ती अधिक वेगाने चालेल अशी जुळणी करणे म्हणजे गतिवर्धन. दोन्ही कामे एकच माणूस करत असला तरी त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी दोष, मग वेग. चुकीचे उत्तर लवकर मिळाल्याने वापरणाऱ्याचा काहीच फायदा होत नाही. या नोंदीत मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रणालींचा विचार मुख्यतः केला आहे, कारण परदेशी हस्तपुस्तिकांत या बाजूला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

पार्श्वभूमी : लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. मजकुराची चिरफाड करण्याच्या तिच्या ताकदीमुळे वेबच्या पहिल्या दशकात ती सर्व्हरवरची प्रमुख भाषा ठरली. लिंकन स्टाइन यांचे सीजीआय मॉड्यूल १९९५ च्या सुमाराचे. सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीला पर्लची नवी प्रक्रिया सुरू होते, सगळी मॉड्यूल वाचते, पान तयार करते आणि संपते. मोठ्या प्रणालीत पान तयार होण्यापेक्षा ही तयारीच जास्त वेळ खाते. त्यावर उपाय म्हणून अपाची सर्व्हरच्या पोटातच पर्ल बसवणारे मॉड-पर्ल १९९६ मध्ये आले. २००९ मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी पीएसजीआय हा संकेत आणि प्लॅक हा संच दिला. सर्व्हर कोणताही असो, प्रणालीशी बोलण्याची रीत एकच राहील, अशी सोय त्याने झाली. प्लॅकवर चालणारा स्टारमन हा सर्व्हर काही कामगार-प्रक्रिया आधीच उभ्या करून ठेवतो आणि येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटतो.

कोहा : आज ग्रामीण महाराष्ट्रात पर्लची एखादी मोठी वेब-प्रणाली समोर येण्याची शक्यता सर्वाधिक कुठे असेल, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. कोहा ही मुक्तस्रोत ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये लिहिली गेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. जुनी प्रणाली २००० सालाची तारीख पेलणार नव्हती, म्हणून ही धावपळ. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट. ती पर्लमध्ये आहे. समोर अपाची, मागे प्लॅक व स्टारमन, माहितीसाठी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल, शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च आणि तात्पुरत्या साठ्यासाठी मेमकॅश्ड, असा तिचा डोलारा असतो. परवाना शुल्क नसल्याने भारतातील अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली.

पुणे जिल्ह्यातील मंचर, अवसरी खुर्द, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या पट्ट्यात वरिष्ठ महाविद्यालये आहेत. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा गावातल्या ग्रंथालयाला कोहा चालवायची असेल तर चित्र साधारण एकसारखे असते : एक सर्व्हर, त्याच्याकडे बघणारा एक माणूस, आणि त्या माणसाकडे ग्रंथालयाची इतर दहा कामे. पुढील विवेचन त्याच्यासाठी आहे.

पहिली पायरी : पडद्यावर ‘५०० अंतर्गत सर्व्हर त्रुटी’ असे दिसते तेव्हा सर्व्हरने फक्त आपण हरल्याचे सांगितलेले असते. का हरलो, हे तो नोंदवहीत म्हणजे लॉगमध्ये लिहितो. अपाचीची त्रुटी-नोंद वेगळी, प्लॅकची वेगळी. कोहात तर वाचकांचे दालन आणि कर्मचाऱ्यांचे दालन यांच्याही नोंदी निराळ्या असतात. लॉग उघडा ठेवून तीच कृती पुन्हा करावी आणि त्या क्षणी उमटलेली ओळ वाचावी. अनेक ओळी उमटल्या तर पहिली महत्त्वाची, कारण नंतरच्या बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. सर्व्हर बंद-चालू करून पाहण्याचा मोह लॉग वाचून होईपर्यंत आवरावा. बंद-चालू केल्याने दोष तात्पुरता दबतो आणि कामगार-प्रक्रियेच्या स्मृतीत असलेला पुरावा नाहीसा होतो.

सुरुवातीचे दोष : मॉड्यूल सापडत नाही, फाइल चालवण्याची परवानगी नाही, शीर्षओळींनंतरची रिकामी ओळ राहून गेली, या चुका लॉगमध्ये स्पष्ट दिसतात आणि लवकर सुटतात. डिस्क भरली आहे का, हेही आधीच पाहून घ्यावे, कारण जुन्या नोंदी वेळच्या वेळी गुंडाळल्या नाहीत की लॉगच डिस्क भरून टाकतात. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचे येते. पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो, तो या चिन्हामुळे बिघडतो आणि फाइल डोळ्यांसमोर असताना लिनक्स ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. मराठी संदेश घालण्यासाठी कोणी जुन्या नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन केली, तर फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण बसते. तिच्यामुळे पहिली ओळ ओळखूच येत नाही. एका शब्दाचा बदल केला आणि पान बंद पडले, अशी तक्रार आली की आधी हे दोन दोष पाहावेत.

प्लॅक किंवा मॉड-पर्लवर आल्यावर निराळ्याच जातीचा दोष दिसू लागतो. प्रक्रिया संपत नसल्याने सार्वत्रिक चलांमधले मूल्य पुढच्या विनंतीपर्यंत टिकते. पहिल्यांदा पान बरोबर, दुसऱ्यांदा चुकीचे. क्वचित एका वाचकाची माहिती दुसऱ्याला दिसते. तो गोपनीयतेचा भंगच होय. अशा वेळी कामगारांची संख्या एकवर आणून तीच कृती सलग दोनदा केली की दोष हमखास पकडता येतो.

मराठी मजकूर : पर्लला बाइट आणि अक्षर-संकेत यांतला फरक कळतो, पण आलेला मजकूर यांपैकी काय आहे हे प्रणाली लिहिणाऱ्याने सांगावे लागते. ‘मंचर’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये म, अनुस्वार, च, र असे चार संकेत आहेत. देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेत असल्याने साठवण होते १२ बाइटांची. पर्लला लांबी विचारल्यावर ४ उत्तर आले तर मजकूर नीट उलगडला आहे. १२ आले तर तो अजून कच्चा आहे. माहितीसाठ्यात तोच शब्द २४ बाइटांचा झाला असेल, तर आधीच यूटीएफ-८ असलेला मजकूर कुठेतरी पुन्हा एकदा यूटीएफ-८ मध्ये बांधला गेला आहे, आणि पडद्यावर मराठीऐवजी स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे दिसू लागतात. केवळ ४, १२ आणि २४ या तीन आकड्यांवरून दोष वाटेत कुठे शिरला ते टप्प्याटप्प्याने शोधता येते : फॉर्ममधून आत येताना, माहितीसाठ्यात जाताना, बाहेर येताना की पानावर छापताना. कच्चा मजकूर दहाव्या बाइटला तोडला, तर तीन संकेत पूर्ण उरतात आणि चौथ्याचा एक तुटका बाइट. पानावरचा प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो तो असा. उपाय एकच : सीमेवर आत येताना उलगडावे, बाहेर जाताना बांधावे, मध्ये हात लावू नये. पान बरोबर दिसत नाही म्हणून मधेच एखादे रूपांतर घुसडणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे, कारण त्यानंतरच्या नोंदी एका रूपात आणि आधीच्या दुसऱ्या रूपात साठत जातात.

अंकांचा दोष याहून फसवा आहे. अंक ओळखण्याचे पर्लचे संक्षिप्त चिन्ह उलगडलेल्या मजकुरात देवनागरी अंकही मान्य करते. मात्र ‘१२’ या मजकुराची बेरीज करायला गेल्यास पर्ल त्याला शून्य मानते. मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याचा भाव १० किलोला बोलला जातो. असा भाव भरण्याचा फॉर्म पर्लमध्ये केला आणि व्यापाऱ्याने मोबाइलच्या मराठी कळफलकावरून ‘२५०’ भरले, तर तपासणी पार पडते आणि हिशेबात शून्य रुपये येतात. पर्लच्या इशाऱ्यांची सोय बंद असेल तर लॉगमध्येही काही उमटत नाही. म्हणून अंक आत येतानाच देवनागरीचे आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतर करावे आणि नंतरच तपासणी करावी. ग्रंथालयातील दंडाची रक्कम आणि दाखलअंक यांनाही हेच लागू.

शोध : पुस्तक कपाटात आहे, नोंदही केली आहे, तरी शोधात येत नाही, ही मराठी ग्रंथसूचीतली नित्याची तक्रार. ‘दऱ्या’मधला रफार-सदृश अर्धा र एका कळफलकावर ऱ या स्वतंत्र संकेताने टंकला जातो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा मार्गाने. दिसायला दोन्ही एक, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या नोंदींत ते अ अधिक चंद्र असे असू शकते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही. सूचीकरणाच्या आधी स्वतःचा छोटा रूपांतर-तक्ता लावावा लागतो, आणि तो शोधाच्या चौकटीतून येणाऱ्या शब्दालाही तसाच लावावा लागतो.

झेब्रामध्ये देवनागरीसाठी आयसीयू पद्धत निवडावी. नियमांच्या साखळीत जागा न व्यापणारी चिन्हे गाळण्याची पायरी आहे का, हे मात्र नजरेखालून घालावे. युरोपीय भाषांत ती स्वरांवरचे आघात काढून शोध सोपा करते. देवनागरीत त्याच वर्गात अनुस्वार, उकार, एकारमात्रा आणि हलन्त मोडतात. ती पायरी चालू राहिली की ‘मंचर’ सूचीत ‘मचर’ होऊन बसतो आणि ‘कुल’, ‘कूल’, ‘कल’ एकाच रांगेत येतात. वर्णक्रमासाठी पर्लच्या युनिकोड-कोलेट मॉड्यूलमध्ये मराठीचा स्वतंत्र क्रम आहे. त्यात ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ शेवटी, म्हणजे आपल्या वर्णमालेप्रमाणेच. लेखकसूची छापताना तो अवश्य वापरावा.

गतिवर्धन : प्रणाली हळू आहे या वाक्याला मोजमापाशिवाय अर्थ नाही. कोणते पान, किती सेकंद, दिवसाच्या कोणत्या वेळी, हे आठवडाभर लिहून काढले तरी निम्मे उत्तर मिळते. पर्लमधला वेळ नेमका कोणत्या ओळीत जातो हे दाखवणारे उत्तम साधन म्हणजे एनवायटीप्रॉफ. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ॲडम कॅप्लन यांनी ते सुरू केले आणि टिम बन्स यांनी पुढे वाढवले. ते लावले की बहुतेक वेळा उघड होते की पर्ल बिचारी माहितीसाठ्याच्या उत्तराची वाट पाहत बसली आहे. मग संथ प्रश्नांची नोंद चालू करावी, योग्य रकान्यांवर निर्देशांक बांधावेत आणि यादीतल्या प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा प्रश्न विचारणारी आवर्तने मोडून एकच प्रश्न करावा. सर्व्हर बदलण्याआधी एवढे केलेच पाहिजे.

कामगारांची संख्या ठरवणे हा साध्या भागाकाराचा विषय आहे. समजा, यंत्राची स्मृती ८ जीबी आहे. माहितीसाठा, शोधयंत्र, अपाची आणि स्वतः लिनक्स यांना ४ जीबी राखून ठेवले आणि एक कामगार प्रत्यक्षात ३०० एमबी घेतो असे मोजले, तर १३ कामगार बसतात. वाढत्या वापराची जागा सोडून १० ठेवावेत. जास्त ठेवल्यास स्मृती संपून यंत्र डिस्कवर अदलाबदल करू लागते आणि सगळेच ठप्प होते. कोहाच्या मूळ मांडणीत मात्र कामगार दोनच असतात, आणि प्रत्येक कामगार ५० विनंत्यांनंतर बदलला जातो. कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी एकाच वेळी वर्षाचा अहवाल मागितला, तर दालनातल्या विद्यार्थ्यांना त्या दोघांचे अहवाल संपेपर्यंत थांबावे लागते. मधल्या सुटीत प्रणाली अडकते या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. कामगार वाढवणे आणि मोठे अहवाल रात्रीच्या वेळापत्रकावर टाकणे, या दोन गोष्टींनी नवे यंत्र घेण्याचा खर्च वाचू शकतो. मांडणी बदलल्यावर प्लॅकबरोबर मेमकॅश्डही पुन्हा सुरू करावे, नाहीतर जुनेच मूल्य दिसत राहते.

वेगासाठी सुरक्षितता किती सोडायची, हा प्रश्न वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावात फार महत्त्वाचा ठरतो. माहितीसाठा प्रत्येक व्यवहाराची नोंद लगेच डिस्कवर उतरवतो. ही सवय सैल केली तर लिहिण्याचा वेग वाढतो, पण वीज गेल्यास शेवटच्या सेकंदाभरातले व्यवहार हरवू शकतात. ग्रंथालयाच्या देवघेवीला तेवढ्या वेगाची गरज नसते, म्हणून मूळ मांडणी तशीच ठेवावी. यूपीएसला सर्व्हर आपोआप नीट बंद करण्याची जोडणी करून द्यावी. शोधसूची बिघडली तर घाबरू नये. ती मूळ नोंदींवरून पुन्हा बांधता येते. मूळ नोंदी मात्र दुसरीकडे प्रत असल्याशिवाय परत येत नाहीत.

अद्ययावतीकरण : कोहाच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. जुन्या, स्वतः लिहिलेल्या पर्ल प्रणाली नव्या यंत्रावर नेताना दोन बदल आधी तपासावेत. २०१५ च्या ५.२२ आवृत्तीपासून सीजीआय मॉड्यूल पर्लसोबत येत नाही, ते वेगळे बसवावे लागते. २०१७ च्या ५.२६ आवृत्तीपासून पर्ल मॉड्यूल शोधताना चालू फोल्डरमध्ये आपोआप पाहत नाही, त्याचा पत्ता स्पष्ट द्यावा लागतो.