अंकीय मानवतावाद

अंकीय मानवतावाद : संगणक व संदेशवहन यांवर आधारलेल्या तंत्रविद्येची घडण मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य आणि न्याय या मूल्यांना अनुसरून व्हावी, असे प्रतिपादन करणारी विचारसरणी. तंत्रविद्या मूल्यनिरपेक्ष नसते. कोणाची सोय पाहावयाची आणि कोणाला वगळावयाचे, याचा निर्णय तिच्या रचनेतच अंतर्भूत असतो, हे या विचारसरणीचे मूलभूत गृहीतक होय.

या विचाराचा पाया अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्या १९५० मधील द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज या ग्रंथात आढळतो. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये संभाषणाचा आभास निर्माण करणारी ‘एलायझा’ ही संगणकीय आज्ञावली तयार केली. लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागल्याचे पाहून ते अस्वस्थ झाले. जे निर्णय यंत्राला घेता येतात, ते सर्वच त्याच्याकडे सोपवावेत असे नाही, ही भूमिका त्यांनी १९७६ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. मे २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने या विचारसरणीला निश्चित रूप दिले. मानवी हक्कांवर परिणाम करणारे निर्णय माणसानेच घ्यावेत, हे त्यातील एक प्रमुख तत्त्व होय.

भारतात हा विवेक संगणकयुगापूर्वीचा आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. हा चरखा खेड्यातील घरात चालविता यावा आणि कातणाऱ्यास अतिश्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे, अशा अटी होत्या. म्हणजे यंत्राचे माप माणसाच्या शक्तीवरून ठरविण्यात आले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला ठळक रूप ‘आधार’ योजनेमुळे आले. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याजवळ ओळखीचे कोणतेही कागदपत्र नव्हते, त्यांना शासनाच्या दारी ओळख मिळावी, हा योजनेचा घोषित हेतू होता. परंतु ओळख पटविण्याचे साधन बोटांचे ठसे हे होते आणि कष्टाच्या कामाने ते झिजतात. परिणामी ज्यांना साहाय्याची गरज अधिक, त्यांनाच यंत्राकडून नाकारले जाण्याचा धोका अधिक, अशी विसंगती निर्माण झाली. आधार अधिनियम, २०१६ मध्ये क्रमांक न मिळालेल्या व्यक्तीस ओळखीचा पर्यायी मार्ग देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना वैध ठरविली. मात्र बँक-खाते व दूरध्वनी यांच्याशी आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मतपत्रिका जोडली.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील केळापूर तालुक्यासारख्या (मुख्य ठाणे पांढरकवडा) कापूसपट्ट्यात याच प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. येथे गोंड व कोलाम या आदिवासी जमातींची वस्ती आहे. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ उपक्रमात शेतकरी शेतात उभ्या पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवून स्वतः नोंद करतो. आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याचा अधिकार त्याला यामुळे मिळाला. तथापि ज्याच्याजवळ योग्य भ्रमणध्वनी, संदेशवहनाची सोय वा अक्षरओळख नाही, त्याचे उभे पीक दप्तरी नसल्यासारखेच ठरू शकते. अशा वेळी नोंद करण्यास सहायक उपलब्ध असणे, ही केवळ सवलत नसून व्यवस्थेचा आवश्यक भाग ठरतो.

एखादी अंकीय व्यवस्था किती जणांना सामावून घेते, एवढ्यावरून तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. तिने नाकारलेल्या माणसाला दाद मागण्यासाठी दुसरा माणूस भेटतो की नाही, ही अंकीय मानवतावादाची खरी कसोटी होय.