पेरी मेसन खटला हरतो तेव्हा

इतिहासाची साधनं म्हटली की बखरी, दफ्तरं, ताम्रपट डोळ्यांसमोर येतात. आज आपण जरा वेगळं साधन हाती घेऊ. टीव्हीवरच्या एका जुन्या रहस्यमालिकेचा एक भाग आणि त्याबद्दलची प्रेक्षकांची मतं. मालिका अमेरिकेतली, ‘पेरी मेसन’. भाग १७ ऑक्टोबर १९६३ रोजी दाखवलेला, ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’. त्यात काय होतं? पेरी मेसन खटला हरतो. आता काल्पनिक वकील एखादा खटला हरला तर त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण त्या हरण्याचा तेव्हा मोठा गाजावाजा झाला आणि जुन्या मालिकांचे रसिक आजही त्यावर वाद घालतात. का, ते पाहू.

आधी मालिकेची थोडी ओळख. अर्ल स्टॅनली गार्डनर हा कॅलिफोर्नियातला वकील. त्याची पहिली मेसन-कादंबरी १९३३ मध्ये आली आणि पुढे ती संख्या ऐंशीच्या वर गेली. सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९५७ पासून मे १९६६ पर्यंत या मालिकेचे २७१ भाग झाले. मेसनच्या भूमिकेत रेमंड बर. समोर सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर, ती भूमिका विल्यम टॅलमनची. मांडणी ठरलेली असायची. पूर्वार्धात खून, उत्तरार्धात कोर्ट. निरपराध माणूस पिंजऱ्यात, मेसनची उलटतपासणी, आणि शेवटी खरा गुन्हेगार भर कोर्टात कबुली देऊन मोकळा! दर आठवड्याला बर्गर हरणार, मेसन जिंकणार. एका बाईंनी बरला विचारलं म्हणे, की तुम्ही प्रत्येक खटला कसे हो जिंकता? त्यावर तो म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही फक्त माझे शनिवारचे खटले पाहता. मालिका तेव्हा शनिवारी लागायची. किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा आहे, पण प्रश्न खरा आहे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवू. मेसनचे बहुतेक खटले ज्युरीपुढे चालतच नसत. ती असायची प्राथमिक सुनावणी, म्हणजे खटला पुढे चालवण्याइतका पुरावा आहे की नाही हे न्यायाधीशाने एकट्याने ठरवायचं. निर्मात्यांचीही त्यात सोय होती, कारण बारा ज्युरी बसवायचे म्हणजे बारा नटांचे पैसे आले. पण परिणाम असा झाला, की ‘दोषी’ हा शब्द ऐकायची प्रेक्षकांना सवयच राहिली नाही.

याआधी, १९५८ मध्ये, ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ या भागात मेसनचा अशील दोषी ठरला होता. पण तिथे एक पळवाट होती. शिक्षा झालेला माणूस दुसऱ्याचं नाव घेऊन वावरणारा तोतया निघाला. म्हणजे हरूनही मेसनची अब्रू शाबूत. १९६३ चा भाग मात्र सुरुवातीलाच धक्का देतो. जॅनिस बार्टन नावाची स्त्री खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरते. शिक्षा मृत्युदंडाची, गॅस चेंबरमध्ये. तिने आपल्याच वकिलापासून काही गोष्टी लपवलेल्या असतात. इतर भाग जिथे संपतात, तिथून हा भाग सुरू होतो. दिवस भराभर सरतात, मेसन पुन्हा पुरावे शोधतो, आणि शेवटी खरा गुन्हेगार सापडून तिची सुटका होते.

आता मतं. एक मत असं, की मेसन हरताच कामा नये. दिवसभर काम करून दमलेला माणूस रात्री टीव्ही लावतो तो निरपराधाला फासावर जाताना पाहायला नव्हे. दुसरं मत, की बरं झालं, एकदा तरी हरला, नाहीतर ही मालिका म्हणजे परीकथाच. तिसरं मत जरा तिरकस. हा काय हरला? शेवटी जिंकलाच ना! निर्मात्यांनी हरल्याची जाहिरात केली आणि विकलं ते जिंकणंच. आम्हाला या तिसऱ्या मतात तथ्य वाटतं. पण पहिलं मत बाळबोध म्हणून बाजूला सारायला आम्ही तयार नाही.

कारण प्रेक्षकांचं मत त्या काळी नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मार्च १९६० मध्ये बर्गरची भूमिका करणाऱ्या टॅलमनला पोलिसांनी एका पार्टीवर छापा घालून पकडलं. आरोप अश्लील वर्तनाचा. सीबीएसने त्याला लगेच मालिकेतून काढलं. जूनमध्ये न्यायालयात आरोप टिकला नाही, तरी वाहिनी त्याला परत घेईना. तेव्हा सहकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली, प्रेक्षकांची पत्रं आली, आणि त्या वर्षअखेर टॅलमन परतला. ज्या सरकारी वकिलाने हरावं म्हणून लोक दर आठवड्याला टीव्ही लावून बसत, त्याच्याच नटासाठी त्यांनी पत्रं लिहिली. आरोप सिद्ध झाला नाही ना, मग शिक्षा कसली? मेसनने शिकवलेला धडा त्यांनी पडद्याबाहेर लावून दाखवला.

आता १९६३ कडे वळू. त्या साली गॅस चेंबर हा शब्द ऐकणाऱ्याला काय आठवत असेल? तीनच वर्षांपूर्वी, २ मे १९६० ला, कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात कॅरिल चेसमनला गॅस चेंबरमध्येच मृत्युदंड दिला गेला होता. त्याच्यावर खुनाचा आरोपही नव्हता. बारा वर्षं तो कोठडीतून न्यायालयाशी लढला, जगभरातून त्याच्यासाठी विनंत्या गेल्या. शेवटच्या क्षणी तात्पुरत्या स्थगितीचा निरोप निघाला, पण दूरध्वनीचा क्रमांक चुकला आणि निरोप पोचेपर्यंत उशीर झाला होता. ही बातमी वाचलेला प्रेक्षक जॅनिस बार्टनकडे कसा पाहत असेल, याची कल्पना करा.

आणि त्याच १९६३ मध्ये दुसरी एक घटना घडली. फ्लॉरिडात क्लॅरेन्स गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर पूल खेळायच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप होता. वकील करायला पैसे नव्हते. त्याने न्यायालयाकडे वकील मागितला, तो मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला. १८ मार्च १९६३ ला न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीला वकील परवडत नसेल तर तो सरकारने द्यायला हवा. ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला पुन्हा चालला. या वेळी त्याच्या वकिलाने मुख्य साक्षीदाराचीच साक्ष खिळखिळी केली, आणि ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवलं. अगदी पेरी मेसनसारखं! फरक एवढाच, की मधली दोन वर्षं तो माणूस तुरुंगात होता. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी मेसनचा तो भाग दाखवला गेला. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. पण हवा तीच होती.

मग मेसन हरू नये असं म्हणणारा प्रेक्षक काय मागत होता? चांगला वकील असेल तर निरपराध सुटलाच पाहिजे, एवढं. मागणी रास्त आहे. धोका आहे तो तिच्या सावलीत. निरपराध नेहमी सुटतोच असं एकदा मनात बसलं, की जो सुटला नाही तो अपराधीच असणार, असंही नकळत बसतं.

हे गार्डनरला पक्कं ठाऊक होतं. चुकून शिक्षा झालेल्यांची प्रकरणं तपासायला त्याने १९४८ मध्ये ‘आर्गोसी’ मासिकातून तज्ज्ञांना घेऊन ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ नावाचं काम सुरू केलं होतं. गंमत पाहा. १९५७ च्या ज्या मोसमात ‘पेरी मेसन’ सुरू झाली, त्याच मोसमात त्या खऱ्या प्रकरणांवरची मालिकाही एनबीसीवर आली. ती एका हंगामात आटोपली. मेसन नऊ हंगाम चालला. हेही प्रेक्षकांचं मतच की नाही?

शेवटी एका प्रेक्षकाचं मत सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेली एक मुलगी. तिला गुप्तहेर व्हायचं होतं, पण लहानपणीच मधुमेह निघाला आणि ते काम तुला झेपणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. मग ती ‘पेरी मेसन’ पाहू लागली. तिच्या मनात राहिला तो एका भागाचा शेवट, आणि तोही हरलेल्या सरकारी वकिलाचा. एवढी मेहनत करून आरोपी सुटला, वाईट नाही वाटत? यावर तो वकील म्हणतो, नाही, माझं काम न्याय करणं आहे. अपराध्याला शिक्षा होते तेव्हा न्याय होतो आणि निरपराध सुटतो तेव्हाही होतो. ती मुलगी पुढे खरोखरच सरकारी वकील झाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीसाठी सिनेटपुढे साक्ष देताना तिने ही आठवण सांगितली. तिचं नाव सोनिया सोटोमायोर.

त्याच सुनावणीत सिनेटर अल फ्रँकन यांनी तिला विचारलं, की मेसन हरला तो खटला कोणता? तिला आठवेना. सभागृहात हशा पिकला.

ज्या भागाचा एवढा गाजावाजा झाला तो तिच्या लक्षात नव्हता. लक्षात होतं ते हरल्यावरही समाधानी असलेल्या माणसाचं वाक्य. मेसन हरावा की हरू नये, यावर प्रेक्षकांनी वाद जरूर घालावा. आम्हाला मात्र वाटतं, खरा प्रश्न त्या मुलीने ओळखला होता. कोर्टात जिंकतं कोण, यापेक्षा निरपराध माणूस घरी जातो की नाही, हे महत्त्वाचं. मालिकेत ते पन्नास मिनिटांत ठरायचं. गिडियनला त्यासाठी दोन वर्षं तुरुंगात काढावी लागली.