माशाच्या वासाचे सोयरे

१७६९ साली यानोश शायनोविच हा हंगेरीचा जेसुइट खगोलशास्त्रज्ञ शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला. तिथल्या सामी लोकांची बोली ऐकून, ती आणि आपली हंगेरियन एकाच मुळाची आहे, असे त्याने १७७० साली कोपनहेगनात ग्रंथ छापून मांडले. हंगेरीतील सरदारवर्ग खवळला. माशाच्या तेलाचा वास येणारे सोयरे त्यांना नको होते; त्यांना पूर्वज हवे होते ते हूणांचे, अट्टिलाचे. (पैसे मोजून वंशावळी लिहून घेणारे आपल्याकडेही झालेच!)

पण भाषा असल्या वंशावळी मानीत नाही. माशाला फिनिशमध्ये ‘कला’, एस्टोनियनमध्ये ‘कला’, हंगेरियनमध्ये ‘हल’. तीनला ‘कोल्मे’, ‘कोल्म’ आणि ‘हारोम’. तिकडचा ‘क’ इकडे ‘ह’ होतो, आणि तो लहरीने नव्हे, नियमाने होतो. उसने घेतलेले शब्द असा नियम पाळीत नाहीत. फिनिश, एस्टोनियन, कारेलियन, लिव्होनियन ही फिनिक शाखा, तिच्या जवळची सामी, दूरची हंगेरियन, असे हे उरालिक कुळ. शेजारच्या रशियन-स्वीडिशचे कुळ वेगळे.

हीच कसोटी आमच्या उमरग्याच्या बाजारात लावून पाहावी. तमिळ ‘पाल’ म्हणजे दूध, कन्नडात ‘हालु’. ‘पुली’ म्हणजे वाघ, कन्नडात ‘हुली’. दहाला ‘पत्तु’ आणि ‘हत्तु’. दक्षिणेतल्या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत, हे एलिसने १८१६ साली दाखवले. कॉल्डवेलने १८५६ साली त्यांचे तौलनिक व्याकरणच लिहिले. कॉल्डवेल तर द्राविडी भाषांचे नाते फिनिश गटाशी जोडू पाहत होता. ते मात्र सिद्ध झालेले नाही. शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडण्याची रीत दोन्हीकडे आहे, पण तेवढ्याने रक्ताचे नाते ठरत नाही.

मला या साऱ्यात रस आहे तो कैकाड्यांमुळे. माझ्या वर्गातला कैकाडी मुलगा घरची भाषा विचारली की खाली मान घालून ‘मराठी’ म्हणतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. पण टोपल्या-कणग्या विणणाऱ्या या माणसांची बोली अजून चोरांची सांकेतिक भाषा समजली जाते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ सालीच, ती तमिळच्या शाखेत नोंदलेली आहे. म्हणजे गावकुसाबाहेरच्या पालातली म्हातारी ज्या कुळाची भाषा बोलते, त्याच कुळात संगम साहित्य जन्मले! लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली कैकाडी माणूस मराठी वाचकासमोर आणला, त्याच्या भाषेचे कूळ मात्र आमच्या अभ्यासक्रमात आले नाही. सरकारी यादीत हाच कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत, तर आमच्या धाराशिवात विमुक्त जातीत. बोली एक, दाखले दोन.

लिव्होनियन ही जन्मभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती २०१३ साली गेली. त्या मुलाला मी आजीकडून एक ते दहा अंक लिहून आणायला सांगितले आहेत.